मुक्तिपथ
गडचिरोली जिल्ह्यातील दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम, आरंभ २०१६. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि गावसंघटना यांचा हा संयुक्त प्रयत्न. लोकआंदोलनामुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, तरी चोरटी विक्री उरलीच. त्यामुळे बंदी व्यर्थ आहे, असा आक्षेप घेतला जातो. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवताना शासनाने अवैध विक्री व गुन्हे वाढल्याचेच कारण दिले. हा आक्षेप खरा, पण अर्धा आहे. कायद्याने दुकान बंद होते, शरीराला जडलेली तलफ मात्र तशीच राहते. तिला उपचारच हवेत. म्हणूनच मुक्तिपथने गावाचा दबाव, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनोपचार यांची सांगड घातली. बंदीचे यश मोजताना व्यसनी माणसाला गावाजवळ उपचार मिळाले का, हेही तपासले पाहिजे.