हिस्टिडीन आणि गिरणीतला खोकला

सोलापूर गिरणगाव म्हणून ओळखले जाऊ लागले ते १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून. सूतगिरणीत सर्वाधिक धूळ उडते ती कापूस मोकळा करून पिंजणाऱ्या ब्लोरूम आणि कार्डिंग या खात्यांत. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांना बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार जडू शकतो. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीत छाती आवळल्यासारखी होणे आणि पुढच्या दिवसांत त्रास ओसरणे, ही त्याची सुरुवातीची खूण. या आजारात भाग घेणारे एक रसायन आपल्या रोजच्या अन्नातील हिस्टिडीनपासूनच शरीरात तयार होते.

हिस्टिडीन हे प्रथिने घडवणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी एक आहे. १८९६ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल आणि स्वेन हेडिन यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. त्याच्या रेणूत इमिडॅझोल नावाचे, दोन नायट्रोजन अणू असलेले कडे असते. शरीरातील सामान्य आम्लतेला हे कडे प्रोटॉन सहज स्वीकारते आणि सहज सोडते. त्यामुळे अनेक एन्झाइमांच्या कार्यात हिस्टिडीन मोक्याच्या जागी आढळते. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू प्रथिनाला जोडलेला असतो तोही हिस्टिडीनच्याच आधाराने.

पूर्वी हे आम्ल केवळ बालकांसाठी आवश्यक मानले जाई. आता ते प्रौढांनाही आहारातून मिळणे आवश्यक समजले जाते. प्रौढांची गरज वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १० मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६०० मिलीग्रॅम इतकी आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ६५० मिलीग्रॅम हिस्टिडीन असते. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि डाळ या सोलापुरी जेवणातून ही गरज सहज भागू शकते.

हिस्टिडीनपासून शरीर इतरही संयुगे बनवते. बीटा-ॲलॅनीनशी जोडले गेले की त्याचे कार्नोसीन होते. स्नायूंत साठणाऱ्या आम्लाचा जोर ते कमी करते. त्वचेत त्यापासून यूरोकॅनिक आम्ल बनते आणि ते अतिनील किरण शोषते. मात्र हिस्टिडीनमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू वेगळा झाला की हिस्टामिन तयार होते. जठरातील आम्लस्राव आणि मेंदूची जागृतावस्था यांसाठी हिस्टामिन लागतेच. परंतु फुफ्फुसातील मास्ट पेशींमधून ते एकाएकी बाहेर पडले की श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात आणि धाप लागते.

कापसाच्या धुळीतील घटक नेमके हेच घडवून आणतात. सुट्टीच्या काळात पेशींतील हिस्टामिनचा साठा पुन्हा भरतो, म्हणून पहिल्या दिवशी त्रास अधिक, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले. आता धुळीसोबत येणाऱ्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे प्रमुख कारण मानले जाते. हिस्टामिन हा त्या साखळीतील एक दुवा ठरतो. म्हणूनच अँटीहिस्टामिनची गोळी घेऊन हा आजार थांबत नाही. धुळीशी संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसांची हानी कायमची होऊ शकते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने बिसिनोसिसचा समावेश सूचनीय आजारांत केला. रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवावे, असा त्याचा अर्थ होता. सोलापूरच्या जुन्या कापड गिरण्या बंद पडल्या. चादरी आणि टॉवेल आता यंत्रमागांवर विणले जातात. विणकामात धूळ कार्डिंगपेक्षा कमी असते, पण ती नाहीशी होत नाही. आणि मागावर येणारे सूत कुठल्यातरी गिरणीत काढलेलेच असते. धूळ खेचून घेणारी यंत्रणा, खेळती हवा, मुखपट्टी आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची नियमित तपासणी हेच यावरचे खरे उपाय आहेत. सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळत असेल, तर ‘साधा खोकला’ म्हणून तिकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांना आपले कामाचे खातेही अवश्य सांगावे.