रेषेचा पत्ता

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका रेषेबद्दल बोलू. मोबाईल ॲपमध्ये आपण हवी ती आकृती काढतो, ती रेषा कुठून आली याची ही गोष्ट आहे. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करतो.

मी लेफ्टनंट असताना रात्रीचा सराव होता. गस्तीचा मार्ग मी नकाशावर पारदर्शक कागद ठेवून उतरवला आणि दुसऱ्या तुकडीकडे पाठवला. अशा कागदावर नकाशातल्या चौकटींच्या निदान दोन छेदबिंदूंवर फुल्या मारायच्या असतात आणि त्यांचे आकडे लिहायचे असतात. त्या खुणा जुळवूनच समोरचा माणूस कागद आपल्या नकाशावर ठेवतो. मी त्या विसरलो. १:५०,००० च्या नकाशावर एक चौकट म्हणजे दोन सेंटिमीटर, जमिनीवर एक किलोमीटर. कागद एक चौकट सरकला आणि ती तुकडी रात्रभर भलत्याच नाल्यात फिरली. सराव होता म्हणून निभावलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली: रेषा कितीही सुबक असो, तिला पत्ता नसेल तर ती माणसं चुकवते.

आता १९६२ मध्ये चला. आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम नावाच्या माणसापुढे साधा प्रश्न होता. यंत्राचं पेन ठरावीक पावलांनीच सरकतं, मग तिरकी रेघ कशी मारायची? त्याने अशी रीत काढली की गुणाकार-भागाकार लागू नयेत. प्रत्येक पावलाला किती चूक साचली ते पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने मोजायचं आणि चूक मर्यादेबाहेर गेली की एक पाऊल वर चढायचं. ही रीत १९६५ मध्ये छापून आली. कूच करताना आपण दिशा सुधारत जातो, तसंच हे.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा प्रबंध दिला. त्याचं काम लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर झालं. ही प्रयोगशाळा अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेली होती. प्रकाश-लेखणी पडद्याला लावून तो रेषा ओढत असे. पण खरी नवलाई वेगळी होती. संगणक नुसते ठिपके ठेवत नव्हता. ‘या दोन रेषा समांतर’, ‘या दोन सारख्या लांबीच्या’ असे संबंध तो लक्षात ठेवत होता. एक टोक हलवलं की बाकीचं चित्र नियम पाळून सरकत असे. म्हणजे रेषेला पत्ता मिळाला.

वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यातून आल्या. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ च्या सुमारास त्यांचं गणित मांडलं, पण कंपनीने ते गुप्त ठेवलं. रेनोमधल्या पिएर बेझिये यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. गुप्ततेची किंमत फौजी माणसाला समजावून सांगायला नको!

१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये बिल ॲटकिन्सनचं ‘क्विकड्रॉ’ होतं. वर्तुळ काढताना गुणाकार टाळायला त्याने जुनी युक्ती वापरली: १, ३, ५, ७ अशा विषम संख्या मिळवत गेलं की वर्गसंख्या आपोआप मिळतात. पुढे २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. त्याच्या ‘कॅनव्हास’मागे ‘स्किया’ नावाचं चित्रलेखन-ग्रंथालय होतं, आणि आजही आहे.

निवृत्तीनंतर मी आमच्या पायी फिरणाऱ्या मंडळींसाठी एक छोटं ॲप लिहायला बसलो. रचना समजायला सोपी वाटली. ‘कॅनव्हास’ म्हणजे कागद, ‘पेंट’ म्हणजे पेनाचा रंग आणि जाडी, ‘पाथ’ म्हणजे मार्ग. चित्र काढायच्या आज्ञा ‘ऑनड्रॉ’मध्ये लिहायच्या, चित्र बदलायचं असेल तर ‘इनव्हॅलिडेट’ म्हणायचं, की फोन पुन्हा काढतो. सेकंदाला साठ वेळा काढायचं तर प्रत्येक वेळी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. म्हणून लागणारं सामान आधीच बांधून ठेवायचं, ऐनवेळी नवं मागवायचं नाही.

माझ्या फोनवर मार्ग बरोबर पुलावरून गेला. मित्राच्या फोनवर तोच मार्ग नदीतून! मी बिंदू पिक्सेलमध्ये लिहिले होते आणि त्याच्या पडद्याची घनता वेगळी होती. चाळीस वर्षांनी तीच चूक: खुणेच्या फुल्या विसरलो होतो.

मग बिंदू अक्षांश-रेखांशात ठेवले आणि दर वेळी काढताना त्या त्या पडद्यावरची जागा मोजली. रेषेची जाडीही ‘डीपी’त दिली; १६० घनतेच्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, ४८० च्या पडद्यावर तीन. मार्ग पुलावर परतला.

आज तयार नकाशे फुकट मिळतात, मग स्वतः रेषा कशाला काढायची, असं तरुण मुलं विचारतात. मी म्हणतो, एकदा तरी काढा. जो रेषा काढतो, त्याच्या मागे माणसं चालतात. ती रेषा कशाच्या आधारावर उभी आहे, हे काढणाऱ्याला तरी ठाऊक असलं पाहिजे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.