तळटीप : ‘मोठे मासे लहान मासे खातात’

* ग्रंथकाराने हे चित्र बॉशच्या नावे दाखल केले आहे, व त्यात त्याचा फारसा दोष नाही. कारण १५५७ साली अँटवर्प शहरी हिएरोनिमस कॉक याच्या ‘चार वारे’ नामक पेढीतून जे मुद्राचित्र प्रसिद्ध झाले, त्याच्या कोपऱ्यात कल्पक म्हणून बॉशचेच नाव कोरलेले आहे. परंतु बॉश १५१६ मध्येच निवर्तला होता, आणि ज्या रेखाटनावरून पीटर व्हान देर हेडेन याने तांब्याचा पत्रा कोरला, ते व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहातील रेखाटन पीटर ब्रूगेलच्या सहीचे व १५५६ सालचे आहे. बॉशच्या नावाला बाजारात असलेली पत हेच या बदलाचे कारण असावे. तरुण ब्रूगेलवर मात्र त्यामुळे अन्याय झाला, असे आम्हांस वाटते. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उमटत असल्यामुळे मुद्राचित्रात सारे दृश्य उजव्याचे डावे झाले आहे. किनाऱ्यावरील अजस्र माशाच्या चिरलेल्या पोटातून व जबड्यातून मासे ओघळत आहेत, त्यांतील कित्येकांच्या मुखी आणखी लहान मासे आहेत, आणि होडीतला बाप, आपल्या दंडनीतिकारांनी ज्यास मत्स्यन्याय म्हटले तोच हा देखावा, मुलाला बोटाने दाखवीत आहे. त्याच्यापुढे ‘पाहा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द कोरलेला आहे.