विद्येचा दुसरा खर्च

धनज हें वऱ्हाडांतील एक गांव आहे. आज तें वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत मोडतें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यांत होता. काळी जमीन, कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन, आणि पावसावर टाकलेला भरंवसा, एवढ्यांत या बाजूच्या गांवांचें वर्णन बहुतेक संपतें. मोठ्या इतिहासग्रंथांत अशा गांवांस जागा नसते. तथापि ज्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों, त्याचा निकाल पुण्या-मुंबईंत न लागतां अशाच गांवीं लागावयाचा आहे. म्हणून आरंभ येथूनच करितों. प्रश्न असा कीं, विद्येचें नवें साधन निघालें म्हणजे तें प्रथम कोणाच्या हातीं जातें, सर्वांत शेवटीं कोणाच्या हातीं जातें, आणि या दोहोंमधील अंतर तोडण्यासाठीं आमच्या शिक्षणधुरीणांनीं काय केलें?

धनजच्या तालुक्याचें ठिकाण जें कारंजा, तें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. जैनांचेंहि तें जुनें विद्यापीठ. तेथील मंदिरांच्या भांडारांत शेंकडों वर्षें हस्तलिखितें जपून ठेविलेलीं होतीं. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हां या धनाची विद्वानांस नीट ओळख झाली. आणि पुढें डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य व अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं पुष्पदंत कवीचीं अपभ्रंश काव्यें १९३१ पासून कारंजा ग्रंथमालेंत छापून काढलीं. दहाव्या शतकांतील कवि विसाव्या शतकांत सर्व अभ्यासकांचा झाला. पेटींतली पोथी सुरक्षित होती यांत संशय नाहीं. परंतु ती कारंज्यास असूनहि कारंज्याच्या सामान्य मुलाची नव्हती. विद्या जवळ असणें आणि विद्या मिळणें या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, हें यावरून ध्यानांत येईल. आज इंटरनेटच्या लहरी गांवाच्या डोक्यावरून जातात. त्याहि त्या पोथीप्रमाणेंच जवळ असून दूर असूं शकतात.

या निराळेपणाचा हिशेब महाराष्ट्रांत प्रथम रोखठोकपणें मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनीं. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें गेलें. त्यापुढें जोतीरावांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं आपलें निवेदन सादर केलें. त्याचें सार असें होतें कीं, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टांतून येतो, आणि तें उत्पन्न खर्च होतें मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शेतकरीवर्गांतूनहि तयार करावे, त्यांस शिक्षण व वेतन बरें द्यावें, आणि मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतकी व आरोग्य यांचेंहि ज्ञान मुलांस द्यावें, अशी त्यांची मागणी होती. वरच्यांस शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, हें त्या काळचें आवडतें तत्त्व. जोतीरावांनीं तें तत्त्व मान्य केलें नाहीं. आमच्या मतें त्यांच्या निवेदनाचें महत्त्व मागण्यांहूनहि अधिक त्या हिशेबांत आहे. कारण शिक्षणाचा पैसा कोण देतो आणि त्याचें फळ कोणास मिळतें, हा प्रश्न त्यानंतर कोणासहि टाळतां आला नाहीं.

त्या प्रश्नास पुढील पिढीनें कृतीनें उत्तर दिलें. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तो सर्व बडोदें संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं कायदेमंडळांत तशाच आशयाचें विधेयक आणलें. पुढच्या वर्षीं तें बहुमतानें नाकारण्यांत आलें. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. ही हकीकत सुशिक्षित वाचकांस परिचित आहे, म्हणून ती विस्तारानें सांगत नाहीं. परंतु तींतील एका गोष्टीकडे जावें तितकें लक्ष जात नाहीं. शाहू महाराजांनीं सक्तीचा कायदा करण्याच्या पुष्कळ आधीं, १९०१ पासून, निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उघडण्यास साह्य केलें होतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या १९१९ सालीं स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचा पायाहि वसतिगृहावरच उभा राहिला. आमच्या वऱ्हाडांत डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं तोच मार्ग धरला. पापळसारख्या खेड्यांत जन्मलेल्या आणि विलायतेस जाऊन विद्वान होऊन आलेल्या या गृहस्थानें अमरावतींत श्रद्धानंद छात्रालय चालविलें, आणि १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या शाळा-महाविद्यालयांनीं विदर्भांतील शेतकऱ्यांच्या किती पिढ्या शिकविल्या, हें येथें कोणास सांगावें लागत नाहीं.

वसतिगृहावर एवढा भर कां? या पुरुषांस एक गोष्ट अनुभवानें कळली होती. शाळा उघडणें हा विद्येचा पहिला खर्च होय. तो करणारास यश मिळतें, इमारतीवर नांव लागतें. परंतु खेड्यांतील गरीब मुलास शाळेंत टिकवून धरण्यासाठीं रोजची भाकर, निजावयास जागा, दिव्यास तेल आणि पाठीवर हात ठेवणारें कोणीतरी माणूस लागतें. हा दुसरा खर्च होय. तो वर्षानुवर्षें चालतो आणि बाहेरून दिसत नाहीं. श्रीमंताच्या घरीं तो घरच सोसतें. गरिबाचें मूल नेमकें तेथेंच अडतें. ज्यांनीं हा दुसरा खर्च आपला मानला, त्यांचेंच कार्य टिकलें. हें सूत्र हातीं धरून आपण आतां आपल्या काळांतील नव्या साधनाकडे वळूं.

संगणक महाराष्ट्रांत आला तेव्हां तो इंग्रजी बोलत आला. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें भारतीय लिपी संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें, आणि देवनागरीस तेथें घर मिळालें. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, श्री. विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गांवीं, बाजारपेठांत, मराठींतून नेला. लक्षावधि तरुणांनीं संगणकाला पहिला स्पर्श या वर्गांत केला. सरकारी नोकरीसाठीं तो आवश्यक झाल्यामुळें मध्यम वयाचे कारकूनहि विद्यार्थी झाले. हें कार्य थोर आहे. परंतु तेथें शुल्क भरावें लागे, आणि शेतमजुराच्या मुलास दार उघडें असूनहि उंबरठा उंच होता.

मग पाळी आली जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील पष्टेपाडा या लहानशा पाड्यावर श्री. संदीप गुंड या शिक्षकानें लोकवर्गणींतून आपली शाळा डिजिटल केली, आणि ती पाहावयास राज्यांतून शिक्षक येऊं लागले. २२ जून २०१५ रोजीं राज्य शासनानें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा निर्णय काढल्यावर अशा प्रयत्नांस वेग आला. गांवोगांव लोकांनीं वर्गणी करून शाळेस पडदे, प्रक्षेपक व टॅबलेट घेऊन दिले. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचे चौकोन छापण्याची युक्ति काढली. मोबाईल त्या चौकोनावर धरला कीं पाठाची चित्रफीत किंवा कविता ऐकूं येई. २०१७ सालीं राज्यानें ती कल्पना स्वीकारली. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं स्पर्धेंतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. ही उदारता महाराष्ट्रास भूषणावह आहे. तथापि चौकोन छापण्यास खर्च जवळजवळ नाहीं. तो वाचणारा मोबाईल आणि त्यांतील दरमहाचा डेटा यांस मात्र आहे. पुनः तोच दुसरा खर्च!

या खर्चाचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें वऱ्हाडानें जवळून पाहिलें आहे. मेळघाटांतील हरिसाल या गांवास २०१६ च्या सुमारास देशांतील पहिलें डिजिटल गांव म्हणून गौरविण्यांत आलें. २०१९ च्या निवडणुकींत त्याच गांवाच्या प्रत्यक्ष स्थितीवरून जाहीर सभांमधून वाद माजला. वादांत कोणाची बाजू किती खरी, हा आमचा विषय नाहीं. पण एखाद्या गांवास यंत्रें मिळालीं एवढ्यावर त्या गांवाचा इतिहास संपत नाहीं, हें त्यांतून सर्वांस दिसलें. वीजबिल थकल्यामुळें जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्याहि महाराष्ट्रानें वारंवार वाचल्या आहेत. लोकवर्गणीनें घेतलेला पडदा भिंतीवर आहे, आणि त्यास उजेड देणारी तार तोडलेली आहे. छात्रालय बांधून भाकरीची सोय न करण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय?

खरी परीक्षा २०२० सालीं झाली. मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि विद्येचा सारा व्यवहार एकाएकीं मोबाईलवर आला. त्यापूर्वींच्या, २०१७-१८ मधील, राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें होतें कीं, देशांत संगणक असलेलीं कुटुंबें शहरांत शेंकडा २३.४ तर खेड्यांत केवळ ४.४ होतीं, इंटरनेटची सोय शहरांत शेंकडा ४२, खेड्यांत १४.९. ‘असर’च्या पाहणीप्रमाणें ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरांतील स्मार्टफोनचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० मध्यें ६१.८ झालें. दोन वर्षांतील ही वाढ पाहिली म्हणजे, किती आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलासाठीं फोन घेतला असेल, याची कल्पना येते. तरीहि शंभरांतील अडतीस घरें उरतातच. आणि ज्या घरीं फोन आला तेथेंहि तो बापाबरोबर सकाळीं कामावर जाई, व सायंकाळीं तीन भावंडांत एक असे.

या वेळीं जे शिक्षक व कार्यकर्ते पुढें आले, त्यांची गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तींत श्री. राम गायकवाड या शिक्षकानें घरोघरच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. गल्ली हेंच पुस्तक झालें. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशननें ध्वनिक्षेपक घेऊन ‘बोलकी शाळा’ भरविली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें जुलै २०२० पासून सह्याद्रि वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली. तिला डेटा लागत नव्हता. भिंत, भोंगा आणि दूरचित्रवाणी, यांत नवें तें काय? नवें होतें तें गणित. या लोकांनीं मोजणी वरून न करतां शेवटच्या घरापासून केली. त्या घरीं काय आहे, हें प्रथम विचारलें, आणि जें होतें त्यावर शाळा उभारली.

वाचकहो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें इमारत, शिक्षक व ग्रंथालय यांची हमी दिली. परंतु घरच्या साधनाविषयीं तो मौन आहे. सप्टेंबर २०१९ मध्यें केरळ उच्च न्यायालयानें एका विद्यार्थिनीच्या खटल्यांत इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. विचार पुढें गेला आहे. अंदाजपत्रक त्याच्या मागून चालत आहे. वाशीम जिल्ह्याची गणना २०१८ सालीं देशांतील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. आकांक्षा हा शब्द चांगला आहे, पण त्याचा अर्थ रोजच्या हिशेबांत उतरला पाहिजे. यंत्रें किती वांटलीं, याऐवजीं, या महिन्यांत शाळेची वीज किती दिवस होती, बिघडलेलें यंत्र किती दिवसांत दुरुस्त झालें, आणि शेतमजुराच्या मुलीच्या हातांत तें किती तास होतें, असें ग्रामसभेनें विचारावें. धनजच्या शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकारजमा होतोच आहे, आणि आतां तर मोबाईलच्या प्रत्येक रिचार्जावरहि तो कर भरतो. जोतीरावांनीं मांडलेला हिशेब अजून पुरा झालेला नाहीं; आणि २०२० सालीं पहिलीच्या वर्गांत नांव घालून वर्ग न पाहिलेलें मूल, हें त्या हिशेबांतील आपलें सर्वांत मोठें देणें आहे.