एक ट्यूनर आणि सारें घर

नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या उंच गच्चीवरून पाहिलें असतां घरोघरच्या छपरांवरील लहान तबकड्या जवळजवळ एकाच बाजूस, आग्नेयेकडे, तोंड करून बसलेल्या दिसतात. त्याचें कारण साधें आहे. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा ज्या उपग्रहावरून येते तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नांदेड आहे सुमारें ७७ अंशांवर. तेव्हां तबकडीचा रोख आग्नेयेस, क्षितिजापासून साठ अंशांइतका उंच ठेवावा लागतो. त्या तबकडीपर्यंत वाहिन्या कितीहि येऊन पोहोंचोत, तेथून खालीं बैठकीच्या खोलींत उतरणारी तार बहुधा एकच असते, आणि तारेच्या टोकाशीं जो ‘सेट टॉप बॉक्स’ असतो त्यांत ट्यूनरहि बहुधा एकच असतो. अशा एका ट्यूनरच्या पेटीवर कार्यक्रम मुद्रित करण्यांत लाभ किती आणि हानि किती, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. वस्तुतः त्यांत घरांतील माणसांच्या परस्परसंबंधांचा भाग अधिक आहे. आणि तो नीट समजावयाचा तर या प्रांतांत लहरी कशा आल्या तें थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे.

ट्यूनर म्हणजे आकाशांतून आलेल्या अनेक लहरींतून हवी तेवढी एक निवडून घेणारा भाग. रेडिओचा काटा फिरवितांना हेंच काम हातानें होत असे. देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानी मुलुखांत पांच नभोवाणी केंद्रें होतीं : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदें, हैदराबाद आणि औरंगाबाद. यांपैकीं शेवटचीं दोन एकट्या निजामाच्या राज्यांतलीं. नांदेड त्याच राज्यांत होतें, आणि लातूर हें तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. त्या काळीं रेडिओ म्हणजे एखाद्या वकिलाच्या किंवा आडत्याच्या घरची चीज. यंत्र एक, काटा एक, आणि भोंवतीं बसणारे अनेक. काटा कोणाच्या हातीं हें घरांतील वडीलकीनेंच ठरे. त्याबद्दल वाद करण्याचें धैर्य धाकट्यांत क्वचितच असे.

उपग्रहावरून चित्र येऊं लागलें तें मात्र मराठवाड्यास प्रथम हुलकावणी देऊन. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या ‘ए. टी. एस. – ६’ या उपग्रहाच्या साहाय्यानें भारतांत शिक्षणविषयक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या, दहा फूट व्यासाच्या तबकड्या उभारून सार्वजनिक संच बसविण्यांत आले. उस्मानाबादच्या सीमेस लागलेला गुलबर्गा जिल्हा त्यांत होता, महाराष्ट्र नव्हता. त्या प्रयोगांत दृश्याची वाहिनी एक, पण ध्वनीच्या वाहिन्या दोन होत्या. एकच चित्र कर्नाटकांतील खेड्यास कानडींत आणि आंध्रांतील खेड्यास तेलुगूंत ऐकतां येई. एका वाटेनें दोघांची सोय लावण्याची युक्ति इतकी जुनी आहे.

पुढें १९८२ च्या ऑगस्टांत दोन गोष्टी एकदम घडल्या. दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र सुरू झालें, आणि उस्मानाबादेंतून वेगळा होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८३ सालीं ‘इन्सॅट – १ बी’ अवकाशांत स्थिर झाल्यावर लहान शक्तीचे प्रक्षेपक गांवोगांव उभारण्याची धांदल उडाली. या प्रक्षेपकांचें काम उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा भोंवतालच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पसरविणें एवढेंच. म्हणून मराठवाड्यांतील पुष्कळ घरांना आरंभीं मुंबईच्या मराठी बातम्यांआधीं दिल्लीच्या हिंदी बातम्या पाठ झाल्या. १९८७ सालीं ‘रामायण’ आलें तेव्हां रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत, हें सर्वश्रुत आहे. ओस पडण्याचें कारण केवळ भक्ति नव्हे. वाहिनी एकच होती, आणि चुकलेला भाग पुन्हां पाहण्याचा मार्ग बहुतेकांजवळ नव्हता.

मार्ग निघाला होता, पण तो दूरच्या देशांत. घरगुती चित्रमुद्रणयंत्र १९७५-७६ च्या सुमारास जपानी कंपन्यांनीं बाजारांत आणलें. त्यावर अमेरिकेंतील चित्रपटसंस्थांनीं खटला भरला, आणि १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला कीं, घरीं सवडीनें पाहण्यासाठीं कार्यक्रम मुद्रित करणें हा गुन्हा नव्हे. एक मत इकडचें तिकडे गेलें असतें तर या सर्व पेट्यांचा इतिहास निराळा झाला असता. आपल्याकडे ‘व्ही. सी. आर.’ म्हणून जें यंत्र आलें तें मात्र मुद्रणापेक्षां भाड्यानें आणलेल्या चित्रपटांसाठींच अधिक वापरलें गेलें. गणपतींत किंवा लग्नघरीं रात्रभर तीन चित्रपट दाखविण्याची प्रथा त्याच काळची.

येथें एक मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या यंत्रांत स्वतःचा ट्यूनर असे, आणि दूरचित्रवाणी संचांत दुसरा. म्हणजे एक कार्यक्रम पाहत असतां दुसरा मुद्रित करण्याची सोय घरांत पूर्णपणें सिद्ध होती. फक्त दुसरी वाहिनीच नव्हती! १९९२ नंतर केबलवाल्यांनीं गल्लोगल्लीं तारा टांगल्या तेव्हां हा योग काहीं वर्षें जुळून आला. एकाच तारेंतून सर्व वाहिन्या एकदम घरांत येत, आणि प्रत्येक यंत्र आपापल्या ट्यूनरनें हवी ती उचली. दूरचित्रवाणीच्या घरगुती इतिहासांत याहून मोकळा काळ दुसरा झाला नाहीं, आणि त्याचें मोल त्या वेळीं फारच थोड्यांना कळलें.

नंतर तबकडी आली. २००३ सालीं पहिली खासगी सेवा, डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शनची विनामूल्य सेवा, आणि पुढें पांचसहा वर्षांत इतर कंपन्या. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉननेंहि २००९ सालीं या क्षेत्रांत उडी घेतली. केबलचेंहि संख्यांकन कायद्यानें सक्तीचें झालें. औरंगाबादचा क्रम २०१३ मध्यें लागला. नांदेड-लातूर मागाहून, तिसऱ्या टप्प्यांत आलीं. चित्र स्वच्छ झालें, वाहिन्या वाढल्या. पण संचांतील ट्यूनर निरुपयोगी झाला, कारण गुंडाळलेली लहर उलगडण्याची विद्या फक्त पेटीजवळ. वाहिनी एक असतां घरांत ट्यूनर दोन होते. वाहिन्या शेंकडों झाल्या तेव्हां ट्यूनर एक उरला.

अशा पेटीस चकती जोडलेली असो वा मागच्या खांचेंत पेन ड्राइव्ह खोंवलेला असो, मुद्रण चालू असतां ट्यूनर त्या कामांत गुंततो. आठ वाजतां मालिका मुद्रित करण्याची आज्ञा देऊन घरची गृहिणी माहेरीं लग्नास गेली, तर मागें राहिलेल्या मंडळींना आठ वाजतां तीच मालिका पाहावी लागते किंवा पूर्वीं मुद्रित केलेलें कांहीं लावावें लागतें. क्रिकेटचा सामना त्याच वेळीं असेल तर मुलगा मुद्रण थांबवितो, आणि आई परतल्यावर काय होतें हें सांगावयास नको. घरांत नसलेल्याची इच्छा घरांत असलेल्यांवर अंमल गाजविते, हा या पेटीचा खरा दोष. रेडिओच्या काळीं काटा निदान समोर बसलेल्या वडिलांच्या हातीं असे.

दोषाला एक अपवाद आहे. उपग्रहावरील एकाच वाहकावर दहा-वीस वाहिन्या एकत्र बांधून पाठविलेल्या असतात. ट्यूनर निवडतो तो हा सबंध गठ्ठा. त्यांतली वाहिनी नंतर वेगळी काढली जाते. तेव्हां दोन्ही कार्यक्रम एकाच गठ्ठ्यांत असतील आणि पेटीची रचना तशी असेल, तर एकाच ट्यूनरवर एक पाहणें व दुसरा मुद्रित करणें शक्य होतें. परंतु कोणती वाहिनी कोणत्या गठ्ठ्यांत आहे हें ग्राहकास कोणी सांगत नाहीं, आणि तीं स्थानें बदलतहि असतात.

गुणहि लहान नाहींत. दुसरा ट्यूनर हवा तर बहुधा छपरावरून दुसरी तार आणावी लागते, कारण तबकडीच्या तोंडाशीं असलेला भाग एका तारेंतून एका वेळीं लहरींचा एकच वर्ग खालीं पाठवितो. १३ व्होल्टांवर एक, १८ वर दुसरा. भाड्याच्या घरांत दुसऱ्या तारेस भिंतींतून वाट काढणें म्हणजे घरमालकाची मर्जी सांभाळणें. एका ट्यूनरची पेटी स्वस्त, तिची जोडणी सोपी. लातुरांत ज्या घरीं बारावीचा विद्यार्थी आहे तेथें तर सायंकाळीं संच बंदच असतो. सामना मुद्रित करून रविवारीं पाहतां येणें ही तेथें चैन नसून तहाची अट असते. अशा घरीं संच एक, पाहणारे थोडे आणि वेळा ठरलेल्या. तेथें दुसऱ्या ट्यूनरसाठीं पैसे मोजणें हा निव्वळ डौल होय. ज्या घरांत आठ वाजतां दोन पिढ्या दोन कार्यक्रम मागतात, तेथें मात्र ही काटकसर महाग पडते.

मराठवाड्यांत याखेरीज दोन शत्रू आहेत. २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनानें खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. मुद्रणाची आज्ञा दिलेली पेटी अंधारांत बसून राही. दुसरा शत्रु पाऊस. तबकडीकडे येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मुसळधार सरींत त्या शोषल्या जातात, आणि मुद्रित चित्राचे ठोकळे होऊन जातात. जूनमध्यें ज्या पावसाची सारा जिल्हा चातकासारखी वाट पाहतो त्याला या एका कारणासाठीं नांवें ठेवणारे लोकहि नांदेडांत सांपडतील.

मुद्रित केलेलें टिकतें किती, हाहि विचार आहे. खासगी कंपनीच्या पेटींतील चकतीवरचें मुद्रण त्या पेटीच्याच किल्लीनें बंद असतें. पेटी बिघडली कीं तें गेलें. याउलट विनामूल्य सेवेवरील साध्या पेटीनें पेन ड्राइव्हवर घेतलेला कार्यक्रम पुष्कळदा संगणकावरहि उघडतो. साध्या चित्राचा एक तास सुमारें सव्वा गिगाबाइट जागा घेतो, म्हणजे १६ गिगाबाइटांत बारा तास बसतात. स्वस्त पेटीवरील कीर्तन दहा वर्षें राहतें आणि महाग पेटीवरील मालिका पेटीबरोबर जाते, असा हा उलटा व्यवहार आहे. आतां मोबाईलवर ज्याला जें हवें तें तो वेगळें पाहतो, आणि बैठकीच्या खोलींतलें भांडण बरेंच कमी झालें आहे; खोलींत बसणारींहि कमी झालीं आहेत. तरीहि नांदेड-लातूरकडच्या दुकानांत फ्री डिशची पेटी मागणारा माणूस पैसे देण्यापूर्वीं ती उलटी करून मागच्या बाजूस पेन ड्राइव्हची खांच आहे कीं नाहीं तें अजून पाहतो.