आधी पैसे, मग नाटक : देणगी प्रवेशिकेची कुळकथा

मुलुंडच्या कालिदासला, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथला एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी नाटक लागतं, तेव्हा त्याची तिकिटं आधी घरोघरी फिरतात. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ असतो, एखादं वाचनालय असतं, नाहीतर रुग्णांसाठी काम करणारं मंडळ असतं. ओळखीतला कार्यकर्ता दारात येतो आणि देणगी प्रवेशिकांचा गठ्ठा काढतो. प्रयोगाला अजून दीड-दोन महिने असतात आणि त्या रविवारी घरातलं कोण मोकळं असेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. तरीही दोन प्रवेशिका घेतल्या जातात.

यामागचं गणित साधं आहे. संस्था निर्मात्याकडून अख्खा प्रयोग ठरावीक रकमेला घेते. नाटकवाले त्याला कंत्राटी प्रयोग म्हणतात. निर्मात्याला काही रक्कम आगाऊ द्यावी लागते, नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत आधी भरावी लागते. म्हणजे पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी संस्थेच्या हातात पैसा हवा असतो, आणि खिडकीवर आयत्या वेळी येणारा प्रेक्षक तो देऊ शकत नाही. नेहमीच्या दरापेक्षा जास्त किमतीला विकलेल्या प्रवेशिका आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यांतून खर्च वजा जाता जे उरतं, तो निधी. लवकर घेणारा माणूस नसेल तर हा सगळा डोलारा उभाच राहत नाही.

आज व्हिडिओ गेमच्या बाजारात नेमकं हेच चालतं. गेम बाहेर पडण्याआधी किंवा पहिल्या काही आठवड्यांत घ्या, तुमच्या पैशांतला काही हिस्सा आम्ही धर्मादाय कामाला देऊ, असं कंपन्या सांगतात. अंधेरी-घाटकोपरच्या पोरांना ही कल्पना परदेशातून आलेली वाटत असेल. पण तिचं कूळ जुनं आहे आणि त्याची एक शाखा थेट मराठी रंगभूमीवर येते.

मला सापडलेला सर्वांत बोलका पूर्वज १७४२ सालच्या डब्लिनमधला आहे. संगीतकार हॅन्डेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेचा पहिला प्रयोग १३ एप्रिलला तिथल्या फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या सभागृहात झाला, तो तीन कामांच्या मदतीसाठी : कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेले कैदी, मर्सर्स हॉस्पिटल आणि गरिबांसाठी चालवलेला एक दवाखाना. तिकीट अर्ध्या गिनीचं. ९ एप्रिलला रंगीत तालीम होती आणि तिचं तिकीट वेगळं विकत मिळत नव्हतं. ज्यानं मुख्य प्रयोगाचे पैसे आधीच भरले, त्याला तालमीचं तिकीट फुकट. आज गेम आगाऊ घेणाऱ्याला चार दिवस आधी खेळायला देतात, त्यापेक्षा हे कुठे वेगळं आहे? प्रयोगाला जास्त लोक मावावेत म्हणून बायकांनी फुगीर घागऱ्यांचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती छापली गेली. सहाशेच्या सभागृहात सातशे माणसं बसली. जमा झालेल्या सुमारे चारशे पौंडांतून १४२ कैद्यांची कर्जं फेडून त्यांना सोडवण्यात आलं. हिशेब इतका स्पष्ट होता की पावणेतीनशे वर्षांनीही माणसं मोजून सांगता येतात.

आपल्याकडची मोठी घटना १९२१ची. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. पुढच्या वर्षी बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसनं टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचं लक्ष्य ठरवलं, मुदत ३० जून १९२१. अर्देशीर गोदरेज यांनी एकट्यानं ३ लाख रुपये दिले. टिळकांच्या नावाची ओढ उपनगरातही होतीच. त्याच जून महिन्यात पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, दोन वर्षांनी लोकमान्य सेवा संघ. आणि मुदत उलटून आठवडा झाल्यावर, ८ जुलै १९२१ला, मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं.

या ‘संयुक्त’मध्ये काय होतं, हे आज समजावून सांगावं लागतं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्या. एकाचे चाहते दुसऱ्याचं नाव काढलं की वाद घालत. स्वराज्य फंडासाठी दोघे एका रंगमंचावर आले : केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. नाटक खाडिलकरांचं, म्हणजे टिळकांच्याच ‘केसरी’त वाढलेल्या माणसाचं. पुढच्या रांगेला १०० रुपये मोजले गेले, असं नाटकवाल्यांत आजही सांगतात. सामान्य माणसाला ती रक्कम विचारातही घेता येणारी नव्हती, तरी तिकिटांवर उड्या पडल्या. टिळकांवरचं प्रेम आणि हे पुन्हा दिसेल न दिसेल ही हुरहुर, दोन्ही एकाच तिकिटात होती. ती हुरहुर खरी ठरली. ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वरानं गेले. ऐन तारुण्यात.

या कुळाला कायद्याचीही जोड मिळाली. १९२३च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यात सवलतीची एक अट होती : खेळाची सगळी जमा, खर्चापोटी काहीही न कापता, धर्मादाय कामाला गेली तर शुल्क माफ. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण तिनं ‘सगळी जमा’ आणि ‘उरलेली जमा’ यांतला फरक ओळखला होता. पुढे २०१७मध्ये जीएसटी आला आणि राज्याच्या करमणूक शुल्काची जुनी व्यवस्थाच संपली.

सगळ्याकडून थोड्याकडे जाण्याचं वळण अमेरिकेत आलं. १९८३मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि नव्या कार्डामागे एक डॉलर देऊ केला. १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. दान हे विक्रीचं साधन होऊ शकतं, हे व्यापाऱ्यांना तेव्हा आकड्यांत दिसलं.

गेमवाले या वाटेवर आले ते मात्र मोकळ्या मनानं. मे २०१०मध्ये ‘हंबल बंडल’ निघालं. गेमचा संच, किंमत ग्राहकानं ठरवायची, आणि त्यातलं किती निर्मात्यांना, किती ‘चाइल्ड्स प्ले’सारख्या रुग्णालयातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, हेही त्यानंच ठरवायचं. पहिल्याच बंडलमध्ये साडेबारा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. २०२१मध्ये कंपनीनं ग्राहकाच्या या अधिकाराला मर्यादा घालायला घेतली, तेव्हा ग्राहक चिडले. त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं.

‘आर्मा ३’ हा युद्धाचा गेम काढणाऱ्या झेक कंपनीनं २०१७मध्ये ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी काढली. तिच्यात मुख्य भूमिका सैनिकाची नसते, युद्धानंतर सुरुंग काढणाऱ्या मदत कार्यकर्त्याची असते. त्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातला निम्मा वाटा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला द्यायचं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे दान हवं तर लवकर घेणं भाग. आणि वर्ष संपल्यावर आकडाही जाहीर केला : १,७६,६६७ डॉलर. निम्मा वाटा म्हणजे सगळी जमा नव्हे, पण हिस्सा किती, मुदत कधीची, पोचले किती, तिन्ही गोष्टी उघड होत्या. डब्लिनच्या १४२ कैद्यांशी नातं सांगायचा हक्क अशा गेमला आहे. ‘उत्पन्नाचा काही भाग’ एवढंच लिहून गप्प बसणाऱ्यांना तो नाही, मग ते परदेशी गेमवाले असोत की आपल्या गल्लीतलं मंडळ.

वस्तू पाहण्याआधी पैसे देणारा माणूस एकदा विश्वास टाकतो, आणि त्यातले काही तिसऱ्यापर्यंत पोचतील म्हणून देताना दुसऱ्यांदा. म्हणून प्रवेशिका घ्या, लवकर घ्या, कारण संस्थेला तुमची खरी गरज तेव्हाच असते. फक्त दारात आलेल्या कार्यकर्त्याला विचारा की प्रयोगाचा खर्च किती धरलाय आणि शिल्लक रकमेचा हिशेब कोणत्या तारखेला फलकावर लागेल. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.