हवा काढणे : डिझेल फिल्टर आणि तो घरी बदलणारे हात

१/
डिझेल गाडीचा फिल्टर घरी बदलणाऱ्याला जुना फिल्टर काढून नवा बसवणे फारसे जड जात नाही. खरी परीक्षा त्यानंतर असते. किल्ली फिरते, स्टार्टर कुरकुरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही. 'इंजिनाने एअर घेतली' हे त्याचे निदान महाराष्ट्रातील कोणताही ट्रॅक्टरवाला दुरूनच करील. कारण सोपे आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्ची पडतो आणि नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही. मौज अशी की, ज्या हवेला आज शत्रू मानले जाते, तीच हवा पहिल्या डिझेल इंजिनात इंधनाची वाहक होती.

२/
रुडॉल्फ डिझेल यांना पेटंट मिळाले ते १८९३ साली. त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी इंधन म्हणून कोळशाची भुकटीही सुचवली होती. ज्या यंत्राला पुढे केसाहून बारीक कणही सोसेनासा झाला, त्याच्या जनकाच्या डोळ्यांपुढे आरंभी साक्षात धूळ होती! प्रत्यक्ष यश द्रव इंधनाने दिले. फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे प्रा. मोरित्झ श्र्योटर यांनी इंजिनाची चाचणी घेतली, तेव्हा कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. वाफेची इंजिने याच्या आसपासही नव्हती.

३/
या इंजिनात इंधन सिलिंडरमध्ये फवारले जाई ते जोरदार दाबाच्या हवेने. त्यासाठी शेजारी कॉम्प्रेसर लागे आणि तो अवजड, महाग व नाजूक असे. त्यामुळे डिझेल इंजिन कारखान्यात, वीजकेंद्रात, जहाजावर स्थिरावले. रस्त्यावर येऊ शकले नाही. १९०९ मध्ये बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी पूर्वज्वलनकक्षाचे पेटंट घेतले आणि हवेच्या झोताशिवाय इंधन फवारण्याची वाट मोकळी झाली. आता हवा नको होती. हवा होता अतिशय अचूक असा छोटा पंप. तो मात्र कोणाकडेच नव्हता.

४/
येथे रॉबर्ट बॉश यांचा प्रवेश होतो. बॉश यांचे नाव झाले होते ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमुळे, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही! हे इंजिन रस्त्यावर आले असते तर बॉश यांच्या मुख्य मालाची तेथे गरजच उरली नसती. प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी १९२२ मध्ये डिझेलसाठी इंजेक्शन पंप तयार करण्याचा निर्णय घेतला. १९२७ मध्ये पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. उद्योगाच्या इतिहासात इतकी दूरदृष्टी क्वचितच आढळते.

५/
फिल्टरची खरी कथा या पंपापासून सुरू होते. पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधील फट अवघी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दट्ट्या व नळी ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार केली जाते, म्हणून एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या नळीत चालत नाही. शिवाय या फटीला वेगळे वंगणही नाही. डिझेल हेच तिचे वंगण. त्या डिझेलमधून वाळूचा कण आला तर ओरखडा, पाणी आले तर गंज. पंप जितका अचूक झाला, तितका गाळणारा अपरिहार्य झाला.

६/
फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झ २६० डी ही मोटार मांडली गेली. २.६ लिटरचे इंजिन, ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. जहाजावर इंधनाची स्वच्छता पाहण्यासाठी इंजिनिअर असे. टॅक्सीत ते काम चालकाच्याच अंगावर आले. आरंभीच्या फिल्टरांत नमदा किंवा कापड असे. ते काढावे, धुवावे, पुन्हा बसवावे. पुढे घडीदार कागद आला आणि धुण्याऐवजी फेकून देण्याची रीत रूढ झाली.

७/
भारतातील ओळख बरीचशी मराठी मुलखातून घडली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार झाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते (प्रांताच्या प्रमुखास तेव्हा हेच पद असे). १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळुरात 'मायको' स्थापन झाली आणि पुढे नाशिकच्या सातपुरात नोझल-इंजेक्टर बनू लागले. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइम्लर-बेन्झ यांचा ट्रकसाठी करार झाला. सनावळी इथे पुरे.

८/
कारण खरा इतिहास विहिरीच्या काठावर आणि ट्रकच्या बॉनेटखाली घडत होता. डिझेल बॅरलमधून पत्र्याच्या डब्यात आणि डब्यातून टाकीत जाई. नरसाळ्यावर जुन्या धोतराची चिंधी ही पहिली गाळणी. फिल्टर बदलण्याचा क्रम पाठ असे. आधी बाहेरची माती पुसायची, मग वाटी उघडायची, तळाचे पाणी व गाळ टाकून द्यायचा, नवा फिल्टर व रबरी रिंग बसवायची, मग वरचा एअर स्क्रू सैल करून हाताने पंप मारीत राहायचे. आधी फेस येतो, मग थांबून थांबून बुडबुडे, आणि अखेरीस सलग धार. धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. तरीही इंजिन अडले तर इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित ढिला करून स्टार्टर मारायचा. हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते. ते क्लीनरकडून क्लीनरकडे, बापाकडून मुलाकडे गेले.

९/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ सालच्या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापरातून आणि देखभालीतून पाहावा, असे प्रतिपादन केले. त्या कसोटीवर तो क्लीनरही लोरांज यांच्याइतकाच या इतिहासाचा भाग ठरतो. मात्र त्याचे नाव कोणत्याही पेटंटावर नसल्यामुळे त्याला शोधणे कठीण जाते.

१०/
१९९७ मध्ये कॉमन रेल पद्धत मोटारींत आली आणि जुने ज्ञान एकाएकी धोकादायक ठरले. आरंभीच दाब सुमारे १,३५० बार होता, पुढे तो २,००० च्या वर गेला. चालू इंजिनाच्या या नळीचा नट ढिला केला तर उडणारी बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र ती शस्त्रक्रियेचे कारण बनते. नवा फिल्टर डब्यातील डिझेलने आधीच भरून बसवण्याची जुनी युक्तीही अनेक गाड्यांत वर्ज्य झाली. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल गाळल्याशिवाय थेट पंपाकडे जाते आणि एवढा दाब सोसणाऱ्या पंपाला ते परवडत नाही. वडिलांनी शिकवलेले मुलाने जसेच्या तसे केले, तर हजारो रुपयांचा पंप जाऊ शकतो.

११/
तरीही हे काम घरातून पूर्णपणे गेलेले नाही. कित्येक गाड्यांत फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा बटण असते. तो कडक लागेपर्यंत दाबायचा असतो. जिथे टाकीतच विजेचा पंप आहे, तिथे इंजिन न फिरवता किल्ली 'ऑन' करून काही सेकंद थांबायचे, बंद करायची, असे दोनतीनदा करायचे. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू अनेक गाड्यांत आजही आहे. धारेऐवजी आता मागच्या सीटखालून येणारी पंपाची बारीक घरघर ऐकायची असते. ती बदलली की समजावे, हवा निघाली.